फॉर्मवरचे ‘सहमत’ आणि घाटावरची गर्दी

प्रश्न : गेल्या वर्षी गणेशोत्सवाआधी आमच्या तरुण मंडळाने पेठेत घरोघरी जाऊन एक प्रश्नावली भरून घेतली. ‘पंचगंगा प्रदूषणमुक्त राहिली पाहिजे’ या विधानापुढे जवळपास सर्वांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. प्रत्यक्षात गौरी-गणपती विसर्जनाच्या दिवशी त्यातलीच बरीच कुटुंबे काहिलीत (विसर्जनासाठी ठेवलेल्या पाण्याच्या मोठ्या कढईत) विसर्जन न करता थेट नदीत उतरली. लोक खोटे बोलले असे समजायचे का? यंदा त्यांचे मन वळवायचे तर काय करावे?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : लोक खोटे बोलले असे मला वाटत नाही. आपण मोजली एक अभिवृत्ती (एखाद्या गोष्टीविषयीचा मनाचा कल) आणि बदलायला निघालात दुसरीच. नदी स्वच्छ असावी हे मत आणि घरच्या बाप्पाला वाहत्या पाण्यातच निरोप द्यावा ही ओढ, दोन्ही एकाच माणसाच्या मनात प्रामाणिकपणे नांदू शकतात. पहिले मत बहुतेकांनी शाळेतून, वर्तमानपत्रातून घेतलेले असते. दुसरी ओढ मात्र आजोबांचे बोट धरून घाटाच्या पायऱ्या उतरताना, पाण्याच्या काठावर शेवटची आरती म्हणताना मनात रुजलेली असते. अशी प्रत्यक्ष अनुभवातून घडलेली अभिवृत्ती ऐकीव मतापेक्षा टिकाऊ असते आणि ऐन वेळी वर्तनावर तिचाच अंमल चालतो.

उक्ती आणि कृतीतले हे अंतर अभ्यासकांना जुनेच आहे. अमेरिकेत चिनी लोकांविषयी पूर्वग्रह असण्याच्या काळात समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर प्रवास करत अडीचशेहून अधिक हॉटेले व खाणावळींत गेले आणि त्यांना नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. नंतर पत्राने विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी ग्राहक स्वीकारणार नाही असे कळवले. हा अभ्यास १९३४ सालचा. पुढे आयझेन आणि फिशबाइन या मानसशास्त्रज्ञांनी यातली मेख दाखवली: विशिष्ट कृतीचा अंदाज हवा असेल तर प्रश्नही त्याच कृतीविषयी, त्याच प्रसंगाविषयी विचारला पाहिजे. आपले विधान असे हवे होते : ‘यंदा आमच्या घरची मूर्ती आम्ही काहिलीत विसर्जित करू.’ ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी जी श्रेणी आपण वापरली ती मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. त्या पद्धतीत एका विधानावर विसंबत नाहीत. अनेक विधानांच्या गुणांची बेरीज करतात आणि त्यात काही विधाने उलट्या अर्थाची ठेवतात, म्हणजे सरसकट ‘सहमत’ लिहिणारा लक्षात येतो. शिवाय मंडळाचाच कार्यकर्ता दारात उभा असताना नदीच्या स्वच्छतेला नाही कोण म्हणेल? यंदा फॉर्म निनावी ठेवा आणि बंद पेटीत टाकायला सांगा.

आता मन वळवण्याविषयी. ज्या विषयात माणसाचा जीव गुंतलेला असतो तिथे आकर्षक फलक किंवा प्रसिद्ध चेहरा फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो मुद्दे पारखून घेतो. त्याची खरी शंका पाण्यातील रसायनांविषयी नसतेच. गोळा केलेल्या मूर्तींचे पुढे काय होते, त्या ट्रॉलीत कशाही रचल्या जातात का, ही ती शंका असते, आणि ती मला रास्त वाटते. तिचे उत्तर पत्रकाने देता येणार नाही. काही ज्येष्ठ मंडळींना, गोळा केलेल्या मूर्ती जिथे विसर्जित होतात त्या इराणी खणीपर्यंत (पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीपर्यंत) बरोबर न्यावे, तिथले विसर्जन त्यांना स्वतः पाहू द्यावे आणि त्यांनीच पेठेत येऊन सांगावे. काहिलीजवळ आरतीला निवांत जागा आणि वेळ असावा, कारण तो निरोपच लोकांना हवा असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांना अमेरिकी गृहिणींना गुर्दा, हृदय असे नावडते मांस स्वयंपाकात आणायला लावायचे होते. नुसते व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के, तर गटात चर्चा करून शेवटी ‘कोण करून पाहील?’ यावर सर्वांसमोर हात वर करायला सांगितलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी ते घरी शिजवले. म्हणून व्याख्याते बोलावण्यापेक्षा गल्लीनिहाय छोट्या बैठका घ्या. बोलणाऱ्याची पतही तितकीच महत्त्वाची असते. अस्पृश्यतेच्या काळात दलित समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः चहा घेत असत, हे कोल्हापुरात वेगळे सांगायला नको. मंडळाच्या अध्यक्षांच्या घरची मूर्ती सर्वांदेखत आधी काहिलीत गेली पाहिजे.

मोठ्या बक्षिसाचा विचार असेल तर तो मात्र सोडा. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांच्या १९५९ सालच्या प्रयोगात कंटाळवाणे काम मजेचे होते असे दुसऱ्याला सांगण्यासाठी काहींना १ डॉलर, तर काहींना २० डॉलर दिले. नंतर ते काम खरोखरच आवडल्याचे १ डॉलरवाल्यांनी अधिक सांगितले. मोबदला भरपूर असला की आपण हे पैशासाठी केले असे माणूस स्वतःला सांगतो आणि मत जागचे हलत नाही. घाटावर सक्तीने अडवण्याचा परिणामही बहुधा उलटाच होतो. अडवलेली वाट अधिक हवीशी वाटू लागते. वाट मोकळी ठेवून, कारण पटवून आणि निर्णय कुटुंबावर सोपवून जितकी घरे वळतील, तितकी पुढच्या वर्षीही काहिलीकडे येण्याची शक्यता अधिक आहे.