३६५ वरून २७०: इंजिन एका वर्षात दुबळे झाले का?

प्रश्न: शेव्हरोले कॉर्व्हेटच्या ४५४ घनइंची इंजिनाची शक्ती १९७१ साली ३६५ अश्वशक्ती, तर १९७२ साली २७० अश्वशक्ती दिलेली आढळते. एका वर्षात इतकी घट कशी झाली? त्या सुमारानंतरच्या अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्या) संग्रहात ठेवण्याजोग्या आहेत का? आपली आवडती कोणती?

उत्तर: आपण दिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एकाच मापाने मोजलेले नाहीत. १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ शक्ती जाहीर करण्याची पद्धत होती. इंजिन गाडीबाहेर काढून, एअर क्लीनर आणि गाडीचा सायलेन्सर न जोडता चाचणीयंत्रावर चालवले जाई आणि तेथे मिळालेला आकडा जाहिरातीत छापला जाई. १९७२ पासून ‘नेट’ शक्ती दिली जाऊ लागली, म्हणजे हे सारे जोडलेले असताना मिळणारी. जनरल मोटर्सने १९७१ साली दोन्ही आकडे दिले असल्यामुळे हिशेब सोपा होतो: त्या वर्षी या इंजिनाची नेट शक्ती २८५ होती. म्हणजे ९५ च्या फरकातील ८० अश्वशक्ती केवळ माप बदलल्यामुळे दिसते. इंजिनाने प्रत्यक्षात गमावली ती १५.

मोठी घसरण आधीच्या वर्षी झाली होती, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १९७० मध्ये याच इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण; ते जास्त तितका जोर जास्त) १०.२५ होता आणि ग्रॉस शक्ती ३९०. कमी शिशाच्या पेट्रोलवर इंजिने चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ साली तो ८.५ वर आणला आणि ग्रॉस शक्ती ३६५ वर उतरली. त्याच सुमारास विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते वाढवले, क्रायस्लरचे ताकदीसाठी गाजलेले ४२६ हेमी इंजिन १९७१ नंतर बंद झाले आणि ऑक्टोबर १९७३ मधील अरब देशांच्या तेलबंदीने उरलेसुरले गिऱ्हाईकही आटले.

असे असूनही माझी आवडती गाडी नेमकी या पडत्या काळातील आहे: १९७४ ची पाँटिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲम, सुपर ड्यूटी ४५५ इंजिनाची. प्रदूषणाचे नियम पाळूनही चांगले इंजिन घडवता येते, हे तिच्या अभियंत्यांनी दाखवले, आणि म्हणून मला ती १९७० च्या अनेक अधिक ताकदवान गाड्यांपेक्षा जवळची वाटते. कॉम्प्रेशन रेशो अवघा ८.४ असूनही तिची नेट शक्ती २९० होती. पाँटिॲकचे साधे ४५५ इंजिन त्या वर्षी याहून बरेच कमी शक्तीचे होते. हा फरक इंजिनाच्या पोटात होता. साध्या इंजिनातील ओतीव कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) जागी येथे घडीव रॉड होते, सिलिंडर ब्लॉक अधिक भक्कम होता आणि शर्यतीसाठी लागणारी ड्राय संप वंगणव्यवस्था (तेल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवणारी) बसवण्याची सोयही त्यात ठेवलेली होती. हवेचा स्कूप (बॉनेटमधून वर डोकावणारे हवा घेण्याचे तोंड) बॉनेटला नव्हे, इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे थांबलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की तो बॉनेटच्या भोकात एका अंगाला झुकतो आणि पाय काढताच जागेवर येतो. तेवढ्या हालचालीतून पुढच्या काचेआड बसलेल्याला इंजिनाचा जोर दिसतो. (त्या काळी स्कूपचे तोंड मात्र बंद केलेले होते, तेथून हवा आत जात नसे.)

१९७४ साली अशा ट्रान्स ॲम फक्त ९४३ झाल्या, १९७३ मध्ये तर २५२. त्यामुळे नकला पुष्कळ आहेत. बॉनेटवरचे मोठ्या पक्ष्याचे चित्र कोणालाही चिकटवता येते. गाडी पाहायला गेलात, तर बॉनेट उघडण्याआधी चालकाच्या बाजूने काचेतून दिसणारी चेसिस क्रमांकाची पट्टी वाचावी. त्यातील पाचवे अक्षर ‘एक्स’ नसेल, तर ती गाडी कारखान्यातून सुपर ड्यूटी म्हणून बाहेर पडलेली नाही.