आजी तुझ्यात आली असेल, तर पान कुणाला वाढायचं?

प्रिय सई,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोलायला लागले की तू मध्येच हसतेस आणि माझा विषय भरकटतो, म्हणून लिहूनच पाठवते.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. पुण्याच्या मावशीने 'पास्ट लाइफ रिग्रेशन' करून घेतलं, म्हणजे संमोहनाखाली मागचा जन्म आठवणं. मागच्या जन्मी ती पेशवाईत होती म्हणे. आता तिला तुझ्यासाठीही ऑनलाइन सेशन बुक करायचंय, कारण तुला पाण्याची भीती वाटते आणि तिच्या मते तू कुठल्या तरी जन्मी बुडाली असणार. या निमित्ताने तुला विचारायचंय की आपण मराठी माणसं हे खरंच मानतो का. मानत असू, तर तू जन्मलीस तेव्हा सगळे 'आजी परत आली' म्हणाले आणि तरीही बाबा दर पितृपक्षात आजीच्या नावाने पान वाढतात, ते का? आजी ओटावात बसून परीक्षा देत असेल, तर मिसिसागात खीर कोण खातं?

मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "असं तिरकं आईच विचारायची." म्हणजे पुरावा आणखी एकाने वाढला!

तुझ्या तिळाची गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. आजी गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी तू झालीस. आत्या बाळंतपणाला आली होती. तिने तुला पायांवर घेतलं, तेल लावायला डावा हात उचलला आणि कोपराच्या आतल्या बाजूला तिला आजींच्या हातावर होता तसाच तीळ दिसला. तिने तुला तसंच टॉवेलात गुंडाळलं आणि तेलाच्या हातांनीच बाबांना हाका मारायला लागली. बाबांनी तीळ पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हो, इथेच होता." आजी आजारी पडल्या तेव्हा यांना तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आत्या मात्र शेवटपर्यंत जवळ होती, आणि भाऊ पोचला नाही याचं तिला त्याच्यापेक्षा जास्त वाटत होतं. तीळ कुणालाही कुठेही असतो, हे इंजिनिअर माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने तिला ते सांगितलंही नाही.

आपल्याकडे पुनर्जन्म बहुतेक वेळा असाच येतो. कुणी न मागता मदतीला धावलं, की 'मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असेल'. कामाला हात लावला नाहीस, की 'आता काय पुढच्या जन्मी करणार?' वटपौर्णिमेला आपल्या मंडळातल्या बायका हॉलमध्ये कुंडीतल्या रोपाला दोरा गुंडाळतात, सात जन्म हाच नवरा मागतात, आणि पार्किंगमध्ये पोचायच्या आत हा सातवा आहे का याची चौकशी सुरू होते. आणि गणपतीत तू पाठ म्हणतेस ते 'हेंचि दान देगा देवा'. त्यात तुकोबा चक्क मुक्ती नको म्हणतात. संतांची संगत मिळणार असेल, तर सुखाने गर्भवासात घाल, असं मागणं आहे ते. बाकी सगळे जन्माच्या फेऱ्यातून सुटायला धडपडतात आणि हा माणूस परत यायला तयार.

आता पानाचं. शास्त्र उघडून बसलं तर उत्तरं मिळतात: आधी प्रेत, मग पितर, मग कर्मानुसार पुढचा जन्म, वगैरे. भटजींना विचारलंस तर ते तासभर सांगतील. पण तुझा प्रश्न भटजींच्या पणजोबांहून जुना आहे. आपल्याकडचे परलोक न मानणारे चार्वाक म्हणायचे, इथे श्राद्ध घातल्याने मेलेल्याचं पोट भरत असेल, तर प्रवासाला निघणाऱ्याला शिदोरी कशाला बांधून देता? घरीच कुणालातरी जेवू घाला, त्याला वाटेत पोचेल! राख झालेला देह परत कुठून येणार, असंही त्यांनीच विचारून ठेवलंय. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी सगळ्या दर्शनांचा, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या पंथांचा, आढावा घेतला, तेव्हा या मंडळींना पहिलं प्रकरण दिलं. म्हणजे शंका घेणं ही काही कॅनडात शिकल्यामुळे तुला लागलेली सवय नाही.

बाबांपुरतं सांगते. तीळ त्यांच्या ताईसाठी आहे आणि पान त्यांच्यासाठी. दोन्हींचा हिशोब जुळवायला ते कधी बसले नाहीत, आणि मीही बसवणार नाही. यातून कुणाचं काही बिघडत नाही.

मावशीच्या बाबतीत मला खटकतं ते वेगळं आहे. तिथे कुणीतरी फी घेऊन सांगतं की हे खरोखर घडलं होतं, आणि आजच्या दुखण्याचं कारण तेच आहे. असं म्हटलं की मग तपासावंच लागतं.

सेशनचं सगळं तिने मला सांगितलंय. एसी खोली, डोळ्यांवर पट्टी, मागे तानपुरा. सेशन घेणाऱ्या बाई हळू आवाजात म्हणतात, जिना उतरा. दहा, नऊ, आठ... खाली दार आहे, उघडा. आता पायांकडे बघा, पायात काय दिसतंय? मावशीला जोडवी दिसली. जोडवी म्हणजे लग्न झालेलं. मग अंगावर काय? नऊवारी. घर कसं आहे? चौसोपी वाडा. एकेका प्रश्नाबरोबर चित्र भरत गेलं. जिना, दार, पाय सगळं त्या बाईंचं, आणि रंग आपल्या लहानपणापासून पाहिलेल्या मालिकांचे. वाड्याच्या ओसरीवर सासरे चहा पीत बसले होते, असंही ती म्हणाली. आता पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि मराठी घरात चहा रुळला त्यानंतर बऱ्याच काळाने. मी हे तिला बोलले नाही. ती फार दिवसांनी इतकी मोकळी बोलत होती. काका गेल्यापासून सलग दोन तास तिचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, ते तिथे घेतलं. तिला बरं वाटलं हे अगदी खरं आहे. फक्त त्याचं श्रेय पेशवाईला जात नाही.

असले चहा मोठमोठ्या लोकांच्या सेशनमध्येही निघालेत. मायामीचे मानसोपचारतज्ज्ञ ब्रायन वाइस यांचं १९८८ चं पुस्तक या सगळ्या धंद्याचं मूळ समजलं जातं. त्यातली रुग्ण संमोहनात सांगते की साल इसवीसनपूर्व १८६३ आहे. ख्रिस्त जन्माला यायला १८६३ वर्षं उरलीत, हे त्या काळातल्या बाईला कसं ठाऊक? त्याआधी १९५२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावी एक गृहिणी संमोहनाखाली आयरिश ढंगात बोलू लागली आणि आपण एकोणिसाव्या शतकातली ब्रायडी मर्फी असं सांगू लागली. त्यावरचं पुस्तक तुफान खपलं. पत्रकार आयर्लंडला जाऊन आले, तिच्या जन्ममृत्यूची कुठे नोंद मिळाली नाही. शिकागोत मात्र ती गृहिणी लहानपणी राहायची त्या घरासमोर एक आयरिश बाई राहत होत्या, त्यांचं माहेरचं आडनाव मर्फी आणि नाव ब्रायडी.

आणि तू ज्या कार्लटन विद्यापीठात रोज जातेस, तिथेच निकोलस स्पॅनोस यांनी यावर प्रयोग केले होते. लोकांना संमोहनाखाली मागच्या जन्मी नेलं. आधीच सांगून ठेवलं की तिथे तुम्ही वेगळ्या लिंगाचे, वेगळ्या वंशाचे असू शकता, तर तसे जन्म जास्त निघाले. जुन्या काळी मुलांचे फार हाल व्हायचे असं सुचवलं, तर हालांच्या आठवणी वाढल्या. एक जण ज्युलियस सीझर निघाला आणि म्हणाला, साल इसवी सन ५०, मी रोमचा सम्राट. खरा सीझर त्याच्या नव्वदएक वर्षं आधीच मारला गेला होता, आणि सम्राट तो कधीच नव्हता. हे लोक खोटं बोलत नव्हते, हे लक्षात घे. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना समोरच्याचं बोलणं तिच्यात मिसळतं. संमोहनाने आठवण अचूक होत नाही, तिच्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

तरी सगळंच असं झटकून टाकता येत नाही, आणि इथे नागपूरकर म्हणून मला बोलायलाच हवं. आमच्या नागपुरात १९७४ मध्ये विद्यापीठात शिकवणारी एक मराठी बाई उपचारासाठी राहिली असताना बंगाली बोलू लागली. आपण शारदा, दीडएकशे वर्षांपूर्वीची, साप चावून गेलेली, असं ती सांगे. त्या अवस्थेत तिला स्वतःचे आईवडील ओळखू येत नसत, मराठी कळत नसे. मग पुन्हा पूर्ववत. आमच्या लहानपणीही मोठ्या माणसांच्या गप्पांत शारदा यायचीच. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन, बंगलोरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा, पुण्याचे अकोलकर अशा लोकांनी तिचा अभ्यास केला. तिने सांगितलेल्या घराण्यातल्या पुरुषांची काही नावं बंगालमधल्या एका वंशावळीत सापडली. दुसऱ्या बाजूला, तिने थोडं बंगाली आधी शिकलेलं होतं, बंगाली कादंबऱ्या भाषांतरांतून वाचलेल्या होत्या, आणि सेरा थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी असल्या सगळ्याच 'न शिकता आलेल्या भाषां'वर कडक शंका घेतल्या. मला स्वतःला या प्रकरणात परलोकापेक्षा एका दबलेल्या मनाची ताकद जास्त दिसते. पण ती बाई सोंग करत होती असं मी म्हणणार नाही.

गंमत म्हणजे या स्टीव्हन्सननी पुनर्जन्मासाठी आयुष्य घातलं, दोनतीन वर्षांच्या मुलांनी सांगितलेल्या हकिकती देशोदेशी फिरून गोळा केल्या, आणि तेच संमोहनाने काढलेले जन्म जवळजवळ सगळे काल्पनिक असतात असं बजावत राहिले. मावशीच्या बाईंनी निदान त्यांचं तरी ऐकावं.

आता मला ज्याचा राग येतो ते. नागपुरात आमच्या शेजारी एक मुलगा होता, जन्मापासून चालता न येणारा. त्याची आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याला कडेवर घेऊन यायची. ती वाण घेऊन दाराबाहेर पडली, की मागे हमखास कुणीतरी म्हणायचं, "मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय." एकदा ती चप्पल घालायला वाकलेली असतानाच कुणीतरी हे म्हणालं. पुढच्या वर्षी ती आली नाही. तीळ आणि पान ज्या पोतडीतून निघतात त्याच पोतडीतून हे वाक्यही निघतं, सई. कुणी खालच्या जातीत का जन्मलं, कुणाच्या कपाळी दारिद्र्य का, सगळ्याला हे एकच उत्तर शतकानुशतकं दिलं गेलं. त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. मागच्या जन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा हेतू गोरगरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी हाच असू शकतो, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. आत्मा नसताना कर्म कुणाबरोबर पुढे जातं, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही.

याचा गैरफायदा कुठवर जातो तेही ऐकून ठेव, तू मोठी झालीस. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरात कायदा झाला. 'मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस, प्रेयसी होतीस' असं सांगून कुणाशी शरीरसंबंध ठेवणं हा त्यात गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. कायद्यात लिहावं लागलं, म्हणजे किती जणींच्या बाबतीत घडलं असेल बघ. मावशीचं सेशन यात मोडत नाही, ती बाई सरळमार्गीच असेल. पण पट्टी बांधून पडलेल्या माणसाला कुणीही काहीही पटवू शकतं.

तर, मी मानते का? नाही मानत. पण तीळ खोडायलाही मी जाणार नाही, आणि पितृपक्षात खीर मीच करणार. कुणाच्या दुःखावर फुंकर म्हणून मागचा जन्म आला तर मी गप्प बसते. कुणाच्या माथी दोष म्हणून किंवा औषध म्हणून आला, की मी बोलते.

तुझ्या पाण्याचं म्हणशील, तर आपल्या घरात पोहायला कुणालाच येत नाही. मी तलावाच्या कडेला उभी राहिले की तुला तीन हात मागे ओढायचे, बाबा बोटीत बसले की लाइफ जॅकेट दोनदा तपासतात. एवढी भीती शिकायला हा एक जन्म पुरेसा आहे. विद्यापीठाच्या पूलवर मोठ्यांचे नवशिके वर्ग असतील तर नाव घाल. फारच त्रास होत असेल तर तिथल्या समुपदेशकांकडे जा. भीतीच्या गोष्टीची थोडी थोडी सवय करत नेण्याची पद्धत त्यांना माहीत असते, आणि तिचा उपयोग होतो हे तपासून पाहिलेलं आहे.

मावशीला नाही कसं म्हणायचं याची फार चिंता करू नकोस. सरळ सांग, "मावशी, मला नको, पण तुझं सगळं ऐकायचंय," आणि खरंच ऐक, निदान अर्धा तास. ती रागावणार नाही. फार तर मला फोन करून म्हणेल की तुझी मुलगी फार शहाणी झाली आहे, आणि पैसे भरून ठेवले असतील तर ते सेशन माझ्या गळ्यात मारायला बघेल. तिचं मी बघते.

तुझी,
आई