प्राण्यांशी आपलं काहीतरी खास नातं आहे असं वाटतं, ते खरं असतं की नुसते मनाचे खेळ?

खरं असतं, कुत्र्यांच्या बाबतीत तर नक्कीच. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, म्हणजे आई आणि बाळाच्या नात्यात जे हार्मोन असतं तेच, आणि माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र असं काही दिसलं नाही. मांजर असेल तर त्याच्याकडे बघून हळूच डोळे मिटून उघडा, बऱ्याचदा तेपण तसंच करतं. मला वाटतं प्राणी ज्यांच्याकडे आपणहून येतात ती माणसं शांत बसतात, एकदम हात पुढे करत नाहीत, त्यांना त्यांचा वेळ घेऊ देतात. एक घाबरट मांजर माझ्या मांडीवर पहिल्यांदा झोपलं तेव्हा मी तासभर हललो नाही, पाय पार बधिर झाले तरी.