चपटे कृमी: औषधाआधी नळी

आपल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत प्रवाळांवर व काचेवर दिसणारे गंजाच्या रंगाचे ठिपके बहुधा लाल प्लॅनेरिया हे चपटे कृमी असावेत. घाबरू नका, पण लगेच औषधही ओतू नका. हे कृमी मरताना विष सोडतात आणि मोठ्या संख्येने एकदम मेले, तर मासेही दगावू शकतात. नवशिक्यांना हीच चूक सर्वांत महाग पडते. म्हणून आधी काही दिवस बारीक नळीने जमतील तितके कृमी ओढून काढा.

औषधापूर्वी हे तयार ठेवा:

- पाण्यातले विष शोषून घ्यायला ताजा सक्रिय कोळसा
- टाकीतले पाणी बदलण्यासाठी, आरओच्या पाण्यात मत्स्यटाकीचे समुद्री मीठ कालवून खारटपणा जुळवलेले पाणी. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ते टाकीच्या तापमानापर्यंत थंड करावेच लागते.

नवे प्रवाळ मात्र औषधी पाण्यात बुडवून, हलवून, नीट तपासूनच टाकीत सोडा. सिक्सलाइन रॅस मासा कधी कृमी खातो, कधी नाही. त्याच्यावर विसंबू नका.