बीबीसी मायक्रोवर शब्दांशी खेळताना

तू एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) बीबीसी बेसिक, म्हणजे बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकाची प्रोग्रामिंग भाषा, शिकतोयस हे वाचून खूप बरं वाटलं बघ. 1984 साली क्लास या शालेय संगणक शिक्षणाच्या योजनेतून ही मशीनं देशातल्या निवडक शाळांत आली, तेव्हापासून माझा जीव त्यांच्यावर जडलाय.

सुरुवात आपल्या गावाच्या नावानं कर की. खानापूर रोमन लिपीत (KHANAPUR) आठ अक्षरांचं. त्यात 'पूर' शोधायला इन्स्टर (INSTR, मजकुरात शब्द शोधणारी आज्ञा) वापर, उत्तर येईल 6, कारण मोजणी एकपासून होते. मग मिड-डॉलरला (MID$, मजकुराचा तुकडा काढणारी आज्ञा) 6 ही सुरुवात आणि 3 ही लांबी दे, 'पूर' हातात. इन्स्टरनं 0 दिलं तर शब्द सापडलाच नाही, म्हणून कापण्याआधी ते तपासून घे.

आता जपायची गोष्ट मेमरी. बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बीला रॅम फक्त 32 केबी, आणि एका स्ट्रिंगमध्ये (साठवलेल्या मजकुरात) 255 अक्षरंच मावतात. स्ट्रिंगला पहिल्यांदा जेवढी जागा मिळाली, त्यापेक्षा ती लांबली की बेसिक नवी जागा घेतं आणि जुनी तशीच वाया जाते. निपाणीच्या बाजाराची यादी मी एकेक अक्षर जोडत तयार करायचो; थोड्या वेळानं 'नो रूम', म्हणजे जागा संपल्याचा संदेश, यायचा. दोन दिवस मी चूक भलतीकडेच शोधत बसलो होतो. उपाय सोपा: प्रोग्रामच्या सुरुवातीलाच स्ट्रिंग-डॉलरनं (STRING$, तेच अक्षर हवं तितक्या वेळा देणारी आज्ञा) स्ट्रिंगमध्ये 60 अक्षरं भर, लगेच रिकामी कर. जागा राखून राहते.

आणि हो, नाव-पत्ता घेताना इनपुट लाइन (INPUT LINE, टाइप केलेली अख्खी ओळ घेणारी आज्ञा) वापर. साध्या इनपुटमध्ये स्वल्पविरामापुढचं गळतं.