वाचकांचे प्रश्न : हृदयाचा कॅल्शियम स्कोअर

प्रश्न : माझं वय ४६. वडिलांना ५१व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. मला काहीच त्रास नाही. चेकअपमध्ये ईसीजी आणि टूडी एको नॉर्मल आले, कोलेस्टेरॉल थोडं जास्त. गोळी सुरू करायची की नाही हे ठरवायला डॉक्टर कॅल्शियम स्कोअर करा म्हणतात. गरज आहे का? – वाचक, कराड

उत्तर : आहे. पडल्या पडल्या काढलेला ईसीजी त्या घडीचे विद्युतसंदेश टिपतो, एकोत पंपिंग आणि झडपा दिसतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागलाय का, हे या दोन्ही तपासण्यांत दिसत नाही. कॅल्शियम स्कोअर म्हणजे त्या थरात जमलेलं कॅल्शियम मोजून काढलेला आकडा. वडील किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका वाढलेला धरतात. गोळीबद्दल दुमत असतं तेव्हाच हा स्कोअर सगळ्यात उपयोगी पडतो. ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा ज्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९०च्या वर आहे, त्यांना गोळी लागतेच. त्यांनी यावर पैसे घालवू नयेत.

हा साधा सीटी स्कॅन असतो, इंजेक्शन नाही. किरणोत्सर्ग सुमारे १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात सरासरी मिळतो त्याच्या निम्म्याहून कमी. आधी काही तास चहा, कॉफी, सिगारेट टाळा, नाडी वाढते. छातीला ईसीजीच्या तारा लावतात, कारण यंत्राला दोन ठोक्यांमधल्या निवांत क्षणीच चित्र घ्यायचं असतं. दहाएक सेकंद श्वास रोखावा लागतो. मध्येच श्वास सुटला किंवा ठोके फार जलद, अनियमित असले, तर कॅल्शियमचा ठिपका फरफटल्यासारखा उमटतो आणि आकडा चुकतो. घरीच दोन-तीनदा श्वास रोखून पाहा.

प्रश्न : वय ५४, स्कोअर १६०, त्यातले १४८ एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत). म्हणजे ब्लॉकेज किती टक्के? अँजिओप्लास्टी करावी लागेल का? – वाचक, नाशिक

उत्तर : हा आकडा टक्क्यांचा नाही. अमेरिकी हृदयतज्ज्ञ आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली ही मोजणी मांडली. चित्रात १३० हाऊन्सफील्ड एककं (सीटीत घनता मोजायचं माप) किंवा त्याहून जास्त घनता असलेला, निदान १ चौरस मिलिमीटरचा ठिपका कॅल्शियम धरतात. त्याच्या क्षेत्रफळाला सर्वाधिक घनतेनुसार १ ते ४ने गुणतात. समजा ठिपका ५ चौरस मिलिमीटरचा आणि घनता ३२० असेल, तर गुणक ३ आणि गुण १५. स्कॅनमधल्या सगळ्या कापांतल्या (एकेका पातळ चित्रातल्या) ठिपक्यांची अशी बेरीज म्हणजे तुमचे १६०. धमनीच्या भिंतीत किती साचलंय ते यातून कळतं. आतली वाट किती अरुंद झालीय ते नाही.

त्रास नसताना केवळ या आकड्यावर अँजिओप्लास्टी करायची नसते. मात्र १००च्या पुढे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घ्यावी, याबद्दल आम्हाला शंका नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू यांचाही बंदोबस्त हवाच. आणि एक कळकळीची विनंती : गोळीने किती फरक पडला हे पाहायला वर्षभरात पुन्हा स्कॅन करू नका. स्टॅटिनमुळे मऊ थर घट्ट होतो आणि स्कोअर वाढूही शकतो. ते पाहून घाबरून गोळी सोडणं हीच मोठी चूक. गोळीचा परिणाम एलडीएलमध्ये पाहायचा असतो.

प्रश्न : स्कोअर शून्य आला. आता निर्धास्त ना? – वाचक, पणजी

उत्तर : पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, हे खरं. पण कॅल्शियम न धरलेला मऊ थर या स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि चाळिशीच्या आत तो असू शकतो. सिगारेट ओढत असाल, मधुमेह असेल किंवा घरात लवकर हृदयविकार असेल, तर शून्यावर विसंबून गोळी टाळू नका.

प्रश्न : जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. कॅल्शियम स्कोअर करू का? – वाचक, ठाणे

उत्तर : नको. लक्षणं असताना ही तपासणी पुरेशी नाही. याच आठवड्यात हृदयतज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओग्राफी सांगतील. सीटी अँजिओग्राफीत शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात, म्हणून आधी मूत्रपिंडं नीट आहेत का हे पाहायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी आली असेल तर सांगा. नाडी साधारण साठपर्यंत आणायला गोळी देतात. धमन्या रुंदावायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर न लाजता सांगा, दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली जातो. यादरम्यान बसल्या जागी छातीत दुखू लागलं, दरदरून घाम आला, तर ॲसिडिटी समजून वाट पाहू नका. स्वतः गाडी चालवू नका. १०८ला फोन करा.