लातूरच्या थंडीत बिस्मार्किया, लिपस्टिक पाम, ट्रॅकीकार्पस तगतील का? बिया कशा रुजवायच्या?

मी परभणीचा, त्यामुळे मराठवाड्यातली सगळ्यात बोचरी थंडी आमच्याच वाट्याला येते. तरी सांगतो, पाम निवडताना थंडीचा आकडा आधी बघू नका. आपल्याकडे झाड जातं ते एप्रिल-मेच्या झळांनी आणि बोअरच्या खारट पाण्यानं.

ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी उणे १५ अंशांपर्यंत तगतो, म्हणून युरोपात त्याचं भारी कौतुक. त्याचा भाऊबंद ट्रॅकीकार्पस टाकिल आपल्या कुमाऊंचा, पिथौरागडकडच्या डोंगरात २००० मीटरच्या वर वाढणारा. असल्या झाडाला लातूरच्या ४२ अंशांत उभं करून काय मिळवायचं? लिपस्टिक पामचं दुखणं उलटं. तो मलेशिया, बोर्निओकडच्या दलदलीतला. त्याला आपली डिसेंबरची रात्रही सोसत नाही आणि मेमधली कोरडी हवाही. तो नादच सोडा.

बिस्मार्किया मात्र बिनधास्त लावा. मादागास्करच्या कोरड्या माळरानावरचं झाड आहे. त्यातही रुपेरी पानांचा घ्या, हिरव्यापेक्षा तो थंडीला काटक. मोठा झाला की शून्याच्या थोडं खालीही निभावतो. चुनखडीची जमीन असेल तर मेक्सिकोचा निळसर पाम ब्राहिया आर्माटाही चालेल, फक्त वाढ गोगलगायीची.

बी ताजं हवं, सगळा खेळ तिथेच आहे. विकणाऱ्याला फळं कधी उतरवली ते विचारा आणि आलेल्यातलं एखादं फोडून बघा. आतला गर पांढरा, घट्ट आणि कवचाला चिकटून असला तर ठीक. सुकून खुळखुळत असेल तर पैसे गेले. चार-पाच दिवस भिजवा, पाणी रोज बदला. पेरणी होळीच्या आसपास करा. रुजायला ३०-३५ अंशांची ऊब लागते आणि ती आपल्याला फुकट मिळते. ओलसर कोकोपीट सावलीत ठेवायचं, बस्स. दोन महिनेही लागतात, सहाही. रोज उकरून बघू नका.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. बिस्मार्किया ताडासारखा रुजतो. बीतून आधी एक जाड सोंड निघते, ती सरळ खाली वीतभर जाते आणि तिच्या टोकाशी मूळ अन् कोंब फुटतात. ट्रेमध्ये ती तळाला टेकून वाकडी होते, आणि उपटून दुसरीकडे लावताना मोडली की रोप संपलं. मी चार इंची पीव्हीसी पाइपचे हातभर तुकडे उभे करून, तळाला जाळी बांधून त्यातच पेरतो.

थंडी सोसण्याचे ते आकडे मोठ्या झाडाचे असतात, रोपाचे नव्हेत. पहिले दोन हिवाळे रोपं भिंतीच्या दक्षिणेला ठेवा. पाणी सकाळी, तेही माती वरून सुकल्यावरच आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या न उमललेल्या कोवळ्या पानात, न ओतता. आपल्याकडच्या थंडीत बिस्मार्किया गारठून मरत नाही, गार आणि ओल्या मातीत त्याचा पोंगा कुजतो. पोंगा हलकेच ओढून बघत जा. हातात आला तर पाणी तोडा आणि खाचेत कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाचं द्रावण सोडा. मूळ शाबूत असेल तर उन्हाळ्यात नवं पान येऊ शकतं.